सहावा सरत असताना: २२ ते २७ आठवड्यांत काय होतं आणि काय करायचं

घरातले विचारतात, "कितवा चालू आहे?" आणि फाइलवर लिहिलेलं असतं २४ आठवडे ३ दिवस. पहिलटकरणीचा गोंधळ इथूनच सुरू होतो, म्हणून आधी मोजणी पक्की करू.

शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून आठवडे मोजतात. म्हणजे गर्भ राहण्याआधीचे साधारण दोन आठवडेही त्यात धरलेले असतात. सुरुवातीच्या सोनोग्राफीनंतर डॉक्टरांनी तारीख बदलून दिली असेल, तर तीच धरून चालायचं. पुढच्या एखाद्या सोनोग्राफीच्या कागदावर वेगळी तारीख दिसली तर घाबरू नका. ती त्या दिवशीच्या बाळाच्या मापावरून काढलेली असते, तिच्यामुळे आपली मोजणी बदलत नाही. २७ आठवडे ६ दिवस झाले की दुसरी तिमाही संपते. हा लेख तिच्या शेवटच्या सहा आठवड्यांबद्दल आहे.

सुरुवातीची मळमळ बहुतेकींची मागे पडलेली असते, शेवटचा जडपणा अजून आलेला नसतो. त्यामुळे या दिवसांत थोडं निवांत वाटतं, आणि ते निवांतपण जरूर घ्या. पण याच आठवड्यांत तुमच्या शरीराची आणि बाळाची एक लय बसत असते. ती ओळखून ठेवायची हीच वेळ आहे. पुढे काही बिघडलं तर ते सर्वांत आधी तुम्हालाच जाणवणार आहे, आणि नेहमीचं काय हे माहीत असेल तरच वेगळं काय ते कळतं.

पहिलं: आत काय घडतंय ते समजून घ्या

२४व्या आठवड्यात बाळाची डोक्यापासून टाचेपर्यंतची लांबी साधारण ३० सेंटिमीटर असते आणि वजन ६०० ग्रॅमच्या आसपास. पुढच्या चार आठवड्यांत ते जवळजवळ एक किलोपर्यंत जातं. त्वचा अजून पातळ आणि सुरकुतलेली असते, कारण खालची चरबी आत्ता कुठे साठायला लागलेली असते. तिच्यावर पांढरट, लोण्यासारखा थर असतो. सतत गर्भजलात राहूनही त्वचा शाबूत राहते ती त्याच्यामुळे. पापण्या इतके दिवस चिकटलेल्या असतात, त्या २६व्या आठवड्याच्या सुमारास उघडतात. कानही याच काळात कामाला लागतात. दार जोरात आपटलं की पोटातून दचकल्यासारखा धक्का जाणवतो तो उगीच नव्हे. तुमचा आवाज तर बाळाला आतूनच ऐकू येतो, त्यासाठी पोटाला हेडफोन लावायची काही गरज नाही.

सगळ्यात महत्त्वाचं काम फुफ्फुसांत चालू असतं. श्वासाच्या बारीक पिशव्या मिटून चिकटू नयेत म्हणून आतून एक साबणासारखा स्राव लागतो, आणि तो साधारण २४व्या आठवड्यापासून तयार व्हायला लागतो. पुरेसा व्हायला अजून दोन-अडीच महिने लागतात. वेळेआधी जन्मलेल्या बाळाला श्वास घेणं जड जातं ते याच कारणाने, आणि पोटात काढलेला एकेक आठवडा मोलाचा असतो तोही याच कारणाने. बाळंतपण लवकर होण्याची लक्षणं दिसली तर आईला स्टेरॉइडची इंजेक्शनं देतात, त्यांनी बाळाची फुफ्फुसं लवकर तयार होतात. न्यूझीलंडमधले ग्रॅहॅम लिगिन्स यांना मेंढीच्या कोकरांवर काम करताना ही गोष्ट दिसली. त्यांनी आणि रॉस हॉवी यांनी १९७२ मध्ये गरोदर स्त्रियांवरच्या चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. हे इथे सांगायचं कारण असं, की ही इंजेक्शनं वेळेत मिळाली तरच त्यांचा पुरता उपयोग होतो. कळांची शंका आली तर "उद्या बघू" का म्हणायचं नाही, त्याचं उत्तर यात आहे.

दुसरं: बाळाच्या हालचालींची ओळख करून घ्या

पहिल्या खेपेला हालचाल १८ ते २० आठवड्यांच्या आसपास कळते, काहींना थोडी उशिरा. आधी पोटात बुडबुडे फुटल्यासारखं किंवा फुलपाखरू फडफडल्यासारखं वाटतं, आणि हे बाळ की गॅस, तेच समजत नाही. २२-२३व्या आठवड्यानंतर मात्र शंका उरत नाही. लाथ, कूस बदलणं, एखादा लांबलचक ताण, सगळं वेगवेगळं कळायला लागतं. मध्येच एका ठेक्यात टक-टक-टक असं काही मिनिटं चालू राहिलं तर बाळाला उचकी लागलेली असते. तिची काळजी करायचं कारण नाही.

वार पोटाच्या पुढच्या बाजूला असेल तर लाथा मऊ गादीआडून आल्यासारख्या लागतात आणि ओळखू यायलाही वेळ लागतो. सोनोग्राफीच्या कागदावर वार कुठे आहे ते लिहिलेलं असतं, एकदा विचारून घ्या. मैत्रिणीला दिवसभर लाथा बसतात आणि आपल्याला नाही, या चिंतेचा उलगडा पुष्कळदा तिथेच होतो.

बाळ पोटात झोपतंही. एकेक झोप साधारण २० ते ४० मिनिटांची, क्वचितच दीड तासाहून जास्त. तुम्ही चालता-फिरता तेव्हा झोके मिळून ते शांत राहतं, आणि तुम्ही आडव्या झालात की त्याचा खेळ सुरू होतो. म्हणून रोज संध्याकाळी किंवा रात्री जेवणानंतर पंधरा-वीस मिनिटं कुशीवर पडून पोटाकडे लक्ष द्या. वहीत आकडे लिहायची गरज या आठवड्यांत सहसा नसते; पद्धतशीर मोजणी सांगितलीच तर ती बहुधा २८व्या आठवड्यानंतर. आत्ता फक्त ओळख करून घ्यायची: आपलं बाळ कधी जागं असतं, कोणत्या बाजूला लाथा मारतं, कशाने उठतं.

दोन गोष्टी मात्र पक्क्या लक्षात ठेवा. २४ आठवडे पूर्ण झाले आणि एकदाही हालचाल जाणवली नसेल, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता दाखवून या. आणि एकदा लय बसल्यावर हालचाल नेहमीपेक्षा कमी झाली किंवा थांबली असं वाटलं, तर त्याच दिवशी फोन करा, रात्र असली तरी. घरी ठोके ऐकायचं यंत्र विकत घेऊन मनाची समजूत घालू नका. त्यात आपल्याच नाडीचा किंवा वारेतल्या रक्तप्रवाहाचा आवाज बाळाचा वाटू शकतो, आणि जायला उशीर होतो.

तिसरं: शुगरची तपासणी टाळू नका

२४ ते २८ आठवड्यांच्या दरम्यान ही तपासणी होते, आणि पुष्कळजणी "आमच्या घरात कुणाला डायबेटिस नाही" म्हणून ती मनावर घेत नाहीत. पण गरोदरपणातली साखर वाढते ती वारेतून येणाऱ्या हार्मोन्समुळे. बाळाला साखर कमी पडू नये म्हणून ही हार्मोन्स आईच्या इन्सुलिनचा परिणाम कमी करतात. बहुतेकींचं शरीर जास्त इन्सुलिन बनवून ते भरून काढतं. काहींना ते जमत नाही. वार वाढते तसा हा जोर वाढतो, म्हणून तपासणी नेमकी या आठवड्यांत ठेवलेली असते. तहान, थकवा असं काही जाणवेलच असं नाही. तपासल्याशिवाय कळत नाही, हाच यातला धोका.

पद्धती वेगवेगळ्या आहेत. एकीत उपाशीपोटी रक्त घेतात, मग ७५ ग्रॅम ग्लुकोज घातलेलं पाणी पाजतात आणि एक तासाने व दोन तासांनी पुन्हा रक्त घेतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१३च्या निकषांप्रमाणे उपाशीपोटी ९२, एका तासाने १८०, दोन तासांनी १५३ मिलिग्रॅम, यांपैकी एकही आकडा गाठला किंवा ओलांडला तरी गरोदरपणातला मधुमेह धरतात. दुसरीत आधी ५० ग्रॅमची छोटी चाचणी करतात, तिला उपाशी राहावं लागत नाही, आणि आकडा जास्त आला तरच पुढची मोठी चाचणी. तुमच्याकडे कोणती आहे आणि उपाशी यायचं का, हे आदल्या दिवशीच विचारा. माझ्या पहिल्या वेळी हे विचारायचं राहिलं, मी नाश्ता करून गेले आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा जावं लागलं.

ग्लुकोजचं पाणी फार गोड असतं. नाक दाबून एका दमात संपवण्यापेक्षा चार-पाच मिनिटांत घोट घोट घेतलं तर सोसतं. ओकारी झाली तर लपवू नका. चाचणी पुन्हा करावी लागेल, पण चुकीच्या आकड्यावर विसंबण्यापेक्षा ते बरं. मधल्या वेळात भटकू नका, बसून राहा, सोबत वाचायला काही न्या, आणि शेवटचं रक्त दिल्यावर लगेच खायला डबा ठेवा.

आकडा जास्त आला तर स्वतःला बोल लावू नका. अनेकींची साखर जेवणाची मांडणी बदलून आणि जेवणानंतर चालून आटोक्यात येते, काहींना गोळ्या किंवा इन्सुलिन लागतं. इन्सुलिन वारेतून बाळापर्यंत पोचत नाही, त्यामुळे त्याच्या नावाने घाबरू नका. बाळंतपणानंतर साखर बहुधा पूर्ववत होते. तरी सहा ते बारा आठवड्यांनी पुन्हा तपासायची असते, आणि बाळाच्या धावपळीत नेमकी तीच राहून जाते.

चौथं: बाकीच्या तपासण्या

जागतिक आरोग्य संघटनेच्या आठ भेटींच्या वेळापत्रकात एक भेट २६व्या आठवड्याला येते. बीपी, लघवी, वजन आणि पोटाची उंची पाहिली जाते. टेपने मोजलेली ही उंची सेंटिमीटरमध्ये साधारण आठवड्यांइतकीच भरते, दोन इकडे-तिकडे. २५व्या आठवड्यात २४ आली म्हणून बाळ लहान ठरत नाही; आकडे भेटीगणिक कसे वाढतात ते डॉक्टर बघतात.

हिमोग्लोबिन या काळात थोडं उतरतं. रक्तातला पातळ भाग जवळपास ४० ते ५० टक्क्यांनी वाढतो, लाल पेशी तेवढ्या वाढत नाहीत. पण १०.५च्या खाली गेलं तर तो ॲनिमिया. लोहाची गोळी आणि कॅल्शियमची गोळी एका वेळी घेऊ नका, आणि लोहाच्या आगेमागे तासभर चहा-कॉफी नको. लिंबू, संत्रं असं काही आंबट बरोबर घेतलं तर लोह जास्त अंगी लागतं. शौचाला काळं होणं हा त्या गोळीचाच रंग आहे. पोट फारच बिघडत असेल तर गोळी गुपचूप बंद न करता बदलून मागा.

रक्तगट निगेटिव्ह असेल तर २८व्या आठवड्याच्या इंजेक्शनबद्दल आत्ताच विचारून ठेवा. वार खाली आहे असं सांगितलं असेल, तर गर्भाशय वाढेल तशी ती बहुतेकींची वर सरकते. पुन्हा सोनोग्राफी करून खात्री करतात.

पाचवं: शरीराच्या कुरबुरी

सगळ्या एकीलाच होत नाहीत, हे आधी सांगते. जांघेत किंवा ओटीपोटाच्या बाजूला एकदम कळ मारते, विशेषतः कूस बदलताना किंवा शिंकताना. गर्भाशयाला धरून ठेवणारे बंध ताणले गेल्याची ती कळ असते आणि क्षणभरात जाते. हळू उठा, शिंक येताना गुडघे किंचित वाकवा.

छातीत जळजळ, बद्धकोष्ठता, नाक चोंदणं, हिरड्यांतून रक्त येणं, या सगळ्यांमागे हार्मोन्स आहेत. जेवणाचे घास लहान आणि वेळा जास्त ठेवा, जेवल्यावर लगेच आडव्या होऊ नका, पाणी आणि चोथा असलेलं अन्न वाढवा. दातांच्या डॉक्टरकडे जायला गरोदरपणात बंदी नाही, उलट जावं.

रात्री पोटरीत गोळा आला तर पायाची बोटं आपल्याकडे ओढून पोटरी ताणा. संध्याकाळी घोट्याशी थोडी सूज येणं नेहमीचं. एकच पाय सुजला, लाल झाला, दुखायला लागला, तर ते वेगळं, लगेच दाखवा, कारण रक्ताची गाठ असू शकते. पोटावरची त्वचा ताणून खाजते, पण पुरळ नसताना तळहात-तळपाय रात्री विलक्षण खाजत असतील तर यकृताची तपासणी करून घ्या. पांढरं जाणं वाढतं. त्याला वास, हिरवट रंग किंवा आग नसावी. छातीतून चिकट पिवळसर थेंब यायला लागले तर तो चीक आहे. तो पिळून पाहू नका, आणि आला नाही तरी पुढे दूध कमी येईल असं काही नसतं.

सहावं: पोट कडक होतं तेव्हा

या आठवड्यांत पोट अधूनमधून चेंडूसारखं कडक होतं आणि अर्ध्या-एका मिनिटात सैल पडतं. जॉन ब्रॅक्स्टन हिक्स या इंग्रज डॉक्टरांनी १८७२ मध्ये याचं वर्णन केलं आणि त्यांचंच नाव याला मिळालं. या सरावाच्या कळा. त्यांना ठरावीक वेळ नसते, दुखणं फारसं नसतं, आणि लघवी करून, पाणी पिऊन, कुशीवर पडलं की त्या ओसरतात.

खऱ्या कळा थांबत नाहीत. त्या ठरावीक अंतराने येतात, जवळ जवळ येतात, आणि कमरेतून पुढे सरकतात. तासाभरात चार-सहा वेळा पोट कडक झालं, पाळीसारखं ओटीपोट दुखायला लागलं, खाली दाब आला, कंबर एका लयीत भरून येऊ लागली, तर फोन करा. दुखत नसलं तरी करा. माझ्या दुसऱ्या वेळी २५व्या आठवड्यात एका संध्याकाळी असंच झालं. दिवसभर उभी होते म्हणून असेल, असं म्हणत मी दोन तास काढले. तपासल्यावर लघवीचा संसर्ग निघाला, औषधाने पोट शांत झालं. संसर्गामुळेही कळा येऊ शकतात हे मला तेव्हा कळलं, आणि ते दोन तास मी का थांबले याची टोचणी अजून आहे. तुम्ही थांबू नका. तपासून "काही नाही, घरी जा" म्हणाले तर तो फेरा वाया गेला असं समजायचं नाही.

पाणी गेलं की लघवी, हे कळत नसेल तर कोरडं पॅड लावा, अर्ध्या तासाने बघा आणि ते पॅड घेऊनच दाखवायला जा. गर्भजल थेंब थेंब झिरपतं आणि त्याला लघवीचा वास नसतो.

सातवं: रोजचं वागणं

कुशीवर झोपायची सवय आत्तापासून लावा. उताण्या झोपल्यावर गर्भाशयाचा भार पोटातल्या मोठ्या शिरेवर पडतो, चक्कर येते, घाम फुटतो. २८व्या आठवड्यानंतर तर झोपी जाताना कुशीवरच असावं असं सांगतात. डावी कूस की उजवी, यावरून झोप उडवून घेऊ नका. आणि पहाटे उताण्या जाग आली तर कूस बदला, संपलं.

आठवड्याला १५० मिनिटं चालणं किंवा पोहणं पुरेसं. बोलता येईल इतपत दम लागावा. ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचा व्यायाम, म्हणजे लघवी रोखल्यासारखं आत ओढून धरणं आणि सोडणं, रोज करा. तो पुढे खोकताना, शिंकताना उपयोगी पडतो. शरीरसंबंधाला सहसा हरकत नसते, रक्तस्राव, खाली असलेली वार किंवा डॉक्टरांची मनाई असेल तर मात्र नको. गाडीत सीटबेल्टचा खालचा पट्टा पोटाखालून, कमरेच्या हाडांवरून घ्या, वरचा दोन स्तनांच्या मधून. लांबच्या प्रवासात दर तासा-दोन तासांनी उठून चाला. विमानाने जायचं असेल तर तिकीट काढण्याआधी कंपनीचे नियम पाहा, २८व्या आठवड्यापासून डॉक्टरांचं पत्र मागणाऱ्या कंपन्या पुष्कळ आहेत.

औषधांत एक खास सावधगिरी. आयब्युप्रोफेन आणि त्या गटातल्या वेदनाशामक गोळ्या २०व्या आठवड्यानंतर आपल्या मनाने घेऊ नका. त्यांचा बाळाच्या मूत्रपिंडांवर परिणाम होऊन गर्भजल कमी होऊ शकतं, अशी सूचना अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०२० मध्ये दिली. डॉक्टरांनी कमी मात्रेची ॲस्पिरिन लिहून दिली असेल तर ती मात्र याच कारणाने बंद करू नका, ती वेगळ्या हेतूने दिलेली असते.

आठवं: मनाचंही विचारा

पोट दिसायला लागलं की सगळे बाळाची चौकशी करतात, आईची राहून जाते. अधूनमधून रडू येणं, बाळंतपणाची भीती वाटणं, विचित्र स्वप्नं पडणं, हे बहुतेकींना होतं. पण दोन आठवड्यांहून जास्त काळ कशातच मन लागत नसेल, झोप उडाली असेल, आपण आई व्हायला लायक नाही असं सारखं वाटत असेल, तर ते पुढच्या भेटीत बीपीइतक्याच सहजपणे सांगा. गरोदरपणातल्या नैराश्यावर उपचार आहेत, आणि ते बाळ झाल्यानंतरच सुरू करायचे असतात असं नाही. स्वतःला इजा करावी असा विचार आला तर थांबू नका, त्याच क्षणी जवळच्या माणसाला आणि डॉक्टरांना सांगा.

हे दिसलं तर लगेच निघा

अंगावरून रक्त जाणं, थोडं असलं तरी. पाणी जाणं. थांबत नाहीत अशा कळा. हालचाल कमी होणं. ताप, लघवीला आग. पोटावर पडणं किंवा जोराचा मार लागणं, बाहेरून काही दिसत नसलं तरी.

आणि यांच्याइतकंच महत्त्वाचं: न थांबणारी डोकेदुखी, डोळ्यांपुढे चमकणं किंवा अंधुक दिसणं, उजव्या बरगडीखाली दुखणं, एकाएकी चेहरा आणि हात सुजणं. ही बीपी वाढल्याची लक्षणं असू शकतात. २०व्या आठवड्यानंतर हा आजार कधीही सुरू होऊ शकतो, आणि १४०/९०च्या वरचं बीपी अंगात काही जाणवू न देताही असतं. पित्त झालं असेल, चष्म्याचा नंबर वाढला असेल, असं म्हणून यातलं काही अंगावर काढू नका. बीपी मोजायला पाच मिनिटं लागतात.

आज करून ठेवायची कामं

दवाखान्याचा रात्री लागणारा फोन नंबर स्वतःच्या आणि घरातल्या आणखी एकाच्या मोबाइलमध्ये साठवा. फाइल, रक्तगटाचा कागद, सोनोग्राफीचे रिपोर्ट एका पिशवीत दाराजवळ ठेवा आणि पहिल्या पानांचे फोटो काढून ठेवा. बाळंतपणाची बॅग भरायला अजून वेळ आहे. रात्री निघावं लागलं तर गाडी कुणाची, हे मात्र आजच ठरवा, आणि त्या माणसाला तसं सांगून ठेवा. पुढच्या भेटीसाठी एका कागदावर प्रश्न लिहीत जा, वरचा प्रश्न हा असू दे: "२८व्या आठवड्यानंतर मी किती दिवसांनी यायचं, आणि कोणती लस किंवा इंजेक्शन बाकी आहे?"